घरातल्या एकानं कच्चं खायला घेतलं तर?

‘नवऱ्यानं चार महिन्यांपासून शिजवलेलं जवळजवळ सोडलंय,’ असं परदेशात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र सुरू होतं. सकाळी फळं आणि भिजवलेले बदाम, दुपारी परातभर सॅलड, रात्री मोड आलेली कडधान्यं आणि पालकाची स्मूदी. दिवसाकाठी शिजवलेलं काही पोटात गेलंच तर एखादी वाटी. वजन सात किलो उतरलं, पोट साफ, मूड झकास. इथवर ताईंची काही तक्रार नाही. पण आता सगळ्या घरानं असंच खावं असा नवऱ्याचा आग्रह सुरू झालाय. घरात आठ वर्षांचा मुलगा, पंधरा वर्षांची मुलगी, आणि पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी सासूबाई येतायत. त्यांना मधुमेह आहे, शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ‘मी नको म्हटलं की मी जुन्या विचारांची. तुम्हीच सांगा.’

ताई, आधी यजमानांच्या बाजूनं बोलते, कारण त्यांचं बरंचसं खरं आहे. भाजीपाला आणि फळं वाढली की चोथा वाढतो, मीठ कमी होतं, तळण आपोआप सुटतं. क जीवनसत्त्व आणि फोलेट (एक ब जीवनसत्त्व) उष्णतेनं कमी होतात, उकळून पाणी ओतून दिलं तर आणखीच. पण त्यांना जो फरक जाणवतोय, त्यातलं निम्मं श्रेय मी न शिजवण्याला देणार नाही. ते बंद झालेल्या गोष्टींचं आहे. परदेशात दोघंही नोकरी करणाऱ्या घरात फ्रीझरमधलं तयार जेवण आणि रात्रीचे चिप्स किती असतात, हे मला स्वतःच्या घरावरून माहीत आहे.

‘कच्च्यात जिवंत एन्झाइम असतात, शिजवलं की मरतात’ हे वाक्य तुम्ही रोज ऐकत असाल. एन्झाइम म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिनं. जठरातल्या आम्लात त्यांचं तेच होतं जे बाकी प्रथिनांचं होतं, ती पचून जातात. आपलं अन्न पचवायला लागणारी एन्झाइम शरीर स्वतः बनवतं. मात्र दोन ठिकाणी या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तिथे ताटापेक्षा विळीवर जे घडतं ते महत्त्वाचं. लसूण ठेचला की त्यातलं एन्झाइम कामाला लागून अ‍ॅलिसिन, म्हणजे लसणाला उग्र वास देणारं गुणकारी द्रव्य, तयार होतं. ठेचल्या ठेचल्या गरम तेलात टाकला तर ते काम अर्धवट राहतं, म्हणून दहा मिनिटं तसाच राहू द्यायचा. ब्रोकोलीचंही तसंच. चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मग शिजवा. विसरलात तर शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरवा, मोहरीत तेच एन्झाइम असतं. गाजर आणि टोमॅटोचं मात्र नेमकं उलटं. गाजरातलं बीटा-कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपिन शिजवून, थोड्या तेलाबरोबर खाल्लं तर जास्त अंगी लागतं. तेव्हा सगळंच कच्चं हा नियम भाज्यांनाही मान्य नाही!

आता मुलगा. मी एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सफरचंदं मांडून पाहिली होती. एक किलोत साधारण ५०० कॅलरी. काकडी तर किलोला दीडशेच्या आसपास. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला दीड हजाराच्या आगेमागे लागतात आणि त्याचं पोट केवढंसं. तो चावून चावून थकेल, पोट टम्म होईल, आणि तासाभरात पुन्हा भूक म्हणून बिस्किटाच्या डब्याशी उभा राहील. त्याला पोळी, वरण, भात हवंच. बाजूला किसलेलं गाजर, फळाच्या फोडी खुशाल द्या. कुणाकडे पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे जाड तुकडे नकोत, घशात अडकतात.

मुलीबद्दल मी जास्त काळजीनं लिहितेय. जर्मनीत बरीच वर्षं कच्चं खाणाऱ्या लोकांची एक पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्यात ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. वजन जितकं घसरलेलं, तितका हा त्रास जास्त. पंधराव्या वर्षी हाडं भरत असतात, पाळीतून लोह जात असतं. आणि या वयात ‘मी फक्त सॅलड खाते’ हे कधी कधी न जेवण्याचं सभ्य नाव असतं. बाबांच्या उत्साहामागे ते सहज लपतं. ती ताटातून काय काय वगळतेय आणि पाळी वेळेवर येते का, एवढ्यावर गाजावाजा न करता लक्ष ठेवा. महिने चुकायला लागले तर डॉक्टरांकडे न्या.

मोडांचा विषय वेगळा काढते, कारण आपल्याला मोड म्हणजे सात्त्विक, त्यात कसला धोका, असं वाटतं. बी रुजायला ऊब आणि ओल लागते, जंतूंनाही नेमकं तेच लागतं. ते बियांच्या भेगांत दडलेले असले तर कितीही धुऊन जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची मोठी साथ आली. जवळपास चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. माग काढत गेले तर निघाले मेथीचे मोड. धडधाकट माणसानं आपल्या जबाबदारीवर खावेत. लहान मुलं, गरोदर बाई आणि वयस्कर यांच्यासाठी मोड चांगले वाफवूनच घ्या. राजमा तर कुणीच कच्चा खाऊ नये, नुसता भिजवलेलाही नाही. त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे मूठभरही न लागता जोरदार उलट्या होतात. खळखळून उकळल्यावरच ते जातं. स्लो कुकरच्या मंद आचेवर जात नाही.

यजमानांना हे सुरूच ठेवायचं असेल तर भांडू नका, रक्त तपासायला पाठवा: बी-१२, लोह, कोलेस्टेरॉल. बी-१२ वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते. जर्मनीतल्याच एका नंतरच्या अभ्यासात कच्चं खाणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल छान कमी आढळलं होतं, पण चांगलंही कमी होतं, आणि एक तृतीयांशाहून जास्त जणांत बी-१२ची कमतरता होती. म्हणजे फायदा आणि तोटा एकाच रिपोर्टात. पालकाची रोजची स्मूदीही आवरायला सांगा. कच्च्या पालकात ऑक्झलेट, म्हणजे मूतखडे बनायला हातभार लावणारं द्रव्य, भरपूर असतं आणि ज्यांना मूतखड्याची सवय आहे त्यांना ते महागात पडतं. पालक उकळून पाणी टाकून दिलं की बरंचसं जातं.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यावर कुठलाही प्रयोग नको. रक्त पातळ करायची गोळी वॉरफरिन असेल तर पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व तिचा जोर कमी करतं. पालेभाजी बंद करायची गरज नसते, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं लागतं. एकदम परातभर पाला सुरू केला की गोळीचा हिशेब चुकतो. काही नव्या गोळ्यांना ही अडचण नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या असतील आणि पोळी-भात अचानक थांबवला, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. कवळी असेल तर कच्ची काकडीसुद्धा किसून लागेल, ते वेगळंच. तेव्हा आजच फोन करून गोळ्यांची नावं आणि डोस लिहून घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, आणि त्या येण्याआधी ते सगळं यजमानांना वाचायला द्या. त्यांच्याच आईचं आहे, ऐकतील.