पाळकीणबाईंना विचारा : घरी बसून उपासना चालते का?

प्रश्न : बाई, सलाम. मी मूळचा नगरचा, आता वाघोलीला राहतो, आयटीत आहे. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर उपासना सुरू झाली, ती आमच्या घरी अजून चालू आहे. रविवारी सकाळी मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी टीव्हीसमोर बसतो. कधी मुंबईच्या चर्चची मंडळी लावतो, कधी हैदराबादची, कधी थेट अमेरिकेची. संगीत उत्तम, संदेश मुद्द्याला धरून. इथल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेलं की तीच चार गीतं, तीच रडकी पेटी, वर कमिटीची भांडणं. आई नगरहून फोन करते, 'देवळात गेला होतास का?' मी म्हणतो, 'उपासना केली.' ती म्हणते, 'ती उपासना नव्हे, तो कार्यक्रम.' आता तुम्हीच सांगा, देव वायफायवर येत नाही का?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : सलाम, लेकरा. येतो की. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढ. कफर्णहूम गावचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, येशूला म्हणतो, तुम्ही माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही, शब्द मात्र बोला म्हणजे माझा चाकर बरा होईल. आणि चाकर त्याच घटकेला बरा होतो, लांबूनच. तेव्हा तुझ्या टीव्हीशी प्रभूचं काही वाकडं नाही.

पण त्याच अध्यायात त्याच्या आधी आणि नंतर काय आहे तेही वाच. आधी कुष्ठरोगी येतो. ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याला येशू हात पुढे करून स्पर्श करतो. नंतर पेत्राची सासू तापाने पडलेली असते, तिचा हात धरतो, आणि बाई उठून लगेच पाहुण्यांच्या सरबराईला लागते. (आमच्या महिला सभेत हे वचन आलं की सगळ्या सासवा एकमेकींकडे बघतात.) म्हणजे लांबून बरा झालेला एकच, आणि तोही पक्षाघाताने घरात पडून होता. त्याला येता येत नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी त्याचा साहेब चालत आला. मला तुझ्या प्रश्नाचं सगळं उत्तर इथेच दिसतं. जो पडून आहे त्याच्यासाठी लांबचा शब्द पुरतो. ज्याचे पाय धड आहेत त्याने कोणासाठी तरी चालायचं असतं. वाघोलीत तुम्ही तिघं धडधाकट आहात.

तुझी आई 'कार्यक्रम' म्हणाली ते जरा तिखट आहे, पण खोटं नाही. कार्यक्रम कोणीतरी करतो आणि आपण बघतो. मंडळीत उलटं असतं, तिथे आपल्याशिवाय काही ना काही अडतं. माझंच सांगते. आमचे साहेब मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते तेव्हा प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेतात त्याचा) द्राक्षारस आमच्याच स्वयंपाकघरात व्हायचा. शनिवारी काळ्या मनुका तीन पाण्यांनी धुवायच्या, भिजत घालायच्या, मग मंद आचेवर उकळून फडक्यातून पिळायच्या. पिळताना हात मनगटापर्यंत जांभळे व्हायचे आणि रविवारी देवळात ते पदराखाली लपवायची पाळी यायची. पेले पुसायला दोघी-तिघी यायच्या, त्यातल्या दोघींचं एकमेकींशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. एक पुसायची आणि दुसरी मुकाट्याने ताटात मांडायची. दुसऱ्या दिवशी त्याच पेल्यांतून दोघी घ्यायच्या. तुझ्या अमेरिकेच्या मंडळीत संगीत शंभर पट चांगलं असेल, मान्य, पण तिथे तुझ्या हाताला जांभळा डाग पडणार नाही.

कापणीच्या सणाचंही तेच. तुझ्या आईला विचार, खेड्यातल्या मंडळ्यांत तो कसा होतो. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबडा पाय बांधून, कोणाची सहा अंडी, कोणाची मेथीची जुडी. उपासना संपली की लिलाव. ज्या म्हातारीकडे द्यायला एक नारळच होता, तो नारळ मुद्दाम चढवत न्यायचा, घेणाऱ्याने तो परत देवळालाच द्यायचा, पुन्हा बोली लावायची. शेवटी त्या एका नारळाची रक्कम कणग्यांना मागे टाकायची आणि म्हातारीची मान ताठ व्हायची. तू आता यूपीआयने दान पाठवत असशील. पैसे पोचतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या म्हातारीसाठी बोली चढवायला तू तिथे नसतोस.

आता कमिटीची भांडणं. ती आहेत, मी नाकारत नाही. जागेचे वाद, कोर्टाच्या तारखा, निवडणुकीत दोन पॅनेल, सगळं चाळीस वर्षं जवळून बघितलं आहे. माझा त्यावर राग आहे आणि तो मी बिशपसाहेबांपुढेही बोलून दाखवला आहे. तरी सांगते, टीव्हीवरच्या मंडळीत भांडणं नसतात असं नाही, ती कॅमेऱ्याच्या मागे असतात एवढंच. आणि करिंथच्या मंडळीला पौलाची पत्रं वाच. श्रीमंत आधी जेवून घेतात, गरीब उपाशी राहतात, एकमेकांवर फिर्यादी लावतात. तो त्यांना 'मग घरीच बसा' असं म्हणत नाही. एकत्र जेवायला जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा म्हणतो.

ऑनलाइनची मी वैरी आहे असं समजू नकोस. 2020चा पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) 12 एप्रिलला आला. देऊळ कुलूपबंद. आमच्या मंडळीतल्या एका मुलाने स्टुलावर डबे रचून त्याला मोबाइल टेकवला आणि पाळकांनी रिकाम्या बाकांपुढे उपदेश केला. त्या दिवशी जी माणसं परगावी गेली म्हणून आम्ही सोडूनच दिली होती, त्यांचे सलाम चॅटमध्ये आले. पुढे शेजारच्या गल्लीत एक भाऊ गेले. दफनाला मोजक्या माणसांची परवानगी, त्यांच्या मुलीने परदेशातून फोनवर बापाला माती पडताना पाहिलं. तो फोन धरणारा नसता तर तिच्या वाट्याला काहीच आलं नसतं. आपल्या राज्यात प्रार्थनास्थळं 16 नोव्हेंबर 2020ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021ला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. जे परत आले नाहीत त्यांत मला आजारी कमी आणि तुझ्या वयाचे जास्त दिसतात.

आपल्या रेव्हरंड टिळकांची गोष्ट तुला घरात ऐकायला मिळाली असेलच. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. मग वाचन, मग ख्रिस्ती संपादकाशी पत्रव्यवहार, तोही आधी नाव न सांगता. आजच्या भाषेत म्हणायचं तर विश्वास त्यांना ऑनलाइनच आला. पण 10 फेब्रुवारी 1895ला ते मुंबईला गेले आणि चार माणसांच्या देखत बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली डोकं वाकवलं, घर तुटणार हे माहीत असून. पुढे 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा मेळा काढला. मंडळीच्या भिंतींना कंटाळलेला माणूस तूच पहिला नाहीस. त्यांनी मात्र भिंती सोडून दिल्या त्या बाप्तिस्मा न झालेल्यांनाही शेजारी बसवता यावं म्हणून. माणसं त्यांनी वाढवली.

आणि गंमत ऐक. इंग्लंडात 2004 साली इंटरनेटवर 'चर्च ऑफ फूल्स' नावाचं देऊळ काढलं होतं, मेथडिस्ट मंडळीच्या पाठिंब्याने. पडद्यावर चित्रातली बाकं, चित्रातला पुलपिट, म्हणजे उपदेशाचा चौथरा. आपलं चित्रातलं माणूस आत न्यायचं, बटण दाबलं की ते गुडघे टेकणार. जगभरातून इतके लोक लोटले की टवाळखोरही आले. पुलपिटावर चढून शिव्या द्यायला लागले, तेव्हा त्यांना हाकलायला राखणदार नेमावे लागले. म्हणजे कमिटी आलीच! त्यातून पुढे जी मंडळी टिकली, तिचे लोक मग प्रत्यक्ष भेटायला लागले. ज्यांची मंडळी जन्मापासून ऑनलाइन, त्यांनाही एकमेकांचं तोंड बघावंसं वाटलं. योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी हेच आहे, पुष्कळ लिहायचं आहे पण कागद आणि शाईने नको, येऊन समोरासमोर बोलू.

तेव्हा तू असं कर. टीव्ही बंद करू नकोस, बुधवारी संध्याकाळी लाव, हैदराबादचा संदेश ऐक, वही घेऊन ऐक. रविवारी मात्र मुलीला शब्बाथ शाळेत, देवळातल्या मुलांच्या वर्गाला, ने. पाच वर्षांचं पोर आहे. तिला नाताळच्या नाटकात मेंढरू व्हायचं आहे, खोकल्याची गोळी देणाऱ्या आणि 'बसून राहा' म्हणून डोळे वटारणाऱ्या चार परक्या आज्या तिला हव्यात. त्या टीव्हीत मिळत नाहीत. आणि पाळकांना जाऊन सांग, मला काम द्या. पेटी रडकी आहे ना? दुरुस्तीला ने. कमिटीवाले खर्च मंजूर करायला दोन महिने लावतील, तेवढा दम धर.

प्रश्न : बाई, माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. रविवारी टीव्हीवर मिस्सा (आमची कॅथलिक उपासना) लावते. डोक्यावर पदर घेतात, सगळी उत्तरं मोठ्याने देतात. नणंद म्हणते, ही मिस्सा धरत नाहीत. सासूबाईंनी ते ऐकलं आणि तेव्हापासून रडतात.
— एक वाचक, वसई

उत्तर : ताई, मी प्रोटेस्टंट, तरी हे तुमच्या फादरांनीही असंच सांगितलं असतं. जो आजारी आहे त्याच्यावर रविवारच्या मिस्साचं बंधनच नाही. बंधन नाही तर धरायची कुठे आणि सोडायची कुठे? नणंदबाईंना एवढं सांगा आणि विषय मिटवा.

टीव्हीवरून मिळत नाही ते ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत हे व्हॅटिकनने 2002 सालीच लिहून ठेवलं आहे. 2020 मध्ये रिकाम्या चौकात जगासाठी प्रार्थना करणारे पोप फ्रान्सिस पुढच्याच महिन्यात म्हणाले होते की पडद्यावरची ही तऱ्हा अडचणीपुरती, चर्च म्हणजे हे नव्हे. म्हणून पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, ऑफिसात नाव नोंदवा. फादर किंवा नेमलेले सेवक आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन येतात, बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. त्या दिवशी टेबलावर पांढरं कापड आणि मेणबत्ती ठेवा, शेजारणींना बोलवा.

सासूबाईंना संत क्लाराची गोष्ट सांगा. असिसीची ही संन्यासिनी आजारपणात पडून होती, नाताळच्या मध्यरात्री बाकीच्या भगिनी देवळात गेल्या, आणि तिला ती उपासना आपल्या खोलीतच दिसली, ऐकू आली. म्हणून 1958 साली पोप बाराव्या पायसनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत ठरवलं. तुमच्या सासूबाई चांगल्या संगतीत आहेत.

प्रश्न : पाळकीणबाई, सप्रेम सलाम. आम्ही मस्कतमध्ये. मराठी मंडळी नाही. दोहा, कुवेत आणि इथली मिळून काही घरं शुक्रवारी रात्री झूमवर जमतो, 'उपासना संगीता'तली गीतं म्हणतो. पण गाताना सगळा गोंधळ होतो. आणि प्रभुभोजन झूमवर घ्यावं का, यावर आमच्यात दोन तट आहेत.
— एक वाचक, मस्कत

उत्तर : भाऊ, गोंधळ तुमच्या गळ्यांचा नाही. आवाज एकमेकांपर्यंत पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे झूमवर समूहगान जमतच नाही. एका घराने म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या घरात मोठ्याने म्हणायचं. दर गीताला घर बदला.

प्रभुभोजनाचा निर्णय तुमचे पाळक आणि बिशप देतील, तो माझा नाही. माझं मत विचाराल तर थांबा. निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या ताटांत ठेवलेल्या भाकरीला 'एक भाकर' म्हणताना माझी जीभ अडखळते. तुमच्या गावात रुवी आणि घाला इथे ख्रिस्ती आवारं आहेत, सुलतानांनी दिलेल्या जागेवर. तिथे कितीतरी भाषांच्या मंडळ्या आलटून पालटून उपासना करतात, शुक्रवारी, सुट्टी असते म्हणून. दिवसा तिथे जा, हिंदीत असो की इंग्रजीत, आणि प्रभुभोजन तिथे घ्या. रात्रीचं झूम चालू ठेवा, कारण मराठीत रडायला आणि मराठीत प्रार्थना करायला तुम्हाला तेवढीच जागा आहे. आणि आवाराच्या ऑफिसात विचारून बघा, महिन्यातून एखादा तास खोली मिळते का. मस्कतमधली मराठी घरं तुमच्या झूमवर आहेत तेवढीच आहेत असं मला वाटत नाही. नाताळच्या आसपास करंज्या घेऊन आवारात उभे राहा, कळेल.