पुणे–विटा, डिसेंबर, पहाटे चार: जॅकेटचं नंतर बघू

तुमचा प्रश्न वाचला आणि कॉलरबोन ठणकायला लागलं. डिसेंबरात दर शनिवारी पहाटे चारला पुणं सोडायचं, लोणंद-फलटण-दहिवडीमार्गे विट्याला जायचं, दुचाकी दीड वर्षाची, 'पॉलिसी पाच वर्षांची आहे, कागदांचा प्रश्नच नाही, फक्त जॅकेट आणि हातमोजे सुचवा.' मी २०२१ साली शब्दशः हेच करत होतो आणि कुणी विचारलं तर पॉलिसीबद्दल हेच वाक्य फेकत होतो.

जॅकेट वारा अडवणारं घ्या, ब्रँड कुठलाही चालेल. पारा १० वर असला तरी ६० च्या वेगात अंगाला ५ च्या आसपासची थंडी लागते. पैसे वाचवायचेत तर छातीवर वर्तमानपत्राची दोन पानं घाला, आमचे वडील तेच करायचे. पण हेल्मेटच्या आत माकडटोपी कोंबू नका, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. झालं जॅकेटपुराण.

खरा प्रश्न चार वाजताचा आहे. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की नीरा खोऱ्यातले रस्ते रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांचे असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यात आमच्याकडे ज्याला अंगद म्हणतात ते छकडे. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर चिकटवतात, फोटो निघतात, आणि पंधरा दिवसांत ते चिखलाखाली नाहीतर लोंबणाऱ्या मोळ्यांखाली गडप होतात. कालव्याकाठी धुकं, त्यात पाचट पेटवल्याचा धूर. शिवाय रस्त्यावर सांडलेलं पाचट दवानं भिजलं की साबणासारखं होतं.

लोणंद सोडून फलटणकडे चाललो होतो. श्वासानं हेल्मेटच्या काचेवर, म्हणजे व्हायझरवर, वाफ धरत होती म्हणून तो वर केलेला, डोळ्यांतून पाणी. अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) लावला होता, म्हणजे समोर नुसती पांढरी भिंत. (धुक्यात डिपर, म्हणजे खालचा झोतच ठेवा, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.) वेग फार नव्हता, पन्नासच्या आत. आधी दिसले ते उसाचे बुडखे, तोंडाच्या उंचीवर, हातभर अंतरावर वाटले. ट्रॉलीचं एक चाक काढून खाली दगड लावलेले, ड्रायव्हर पंक्चर काढायला गेलेला. हँडल उजवीकडे ओढलं, डावा खांदा ट्रॉलीला लागला, गाडी पुढे घसरत गेली. ऊसतोड टोळीतला एक पोरगा ट्रॉलीखाली पोत्यावर झोपला होता. त्यानं मला पाणी दिलं आणि ऊब मिळावी म्हणून रस्त्याकडेला पाचट पेटवलं. त्या जाळामुळे मागच्या गाड्यांना ट्रॉली दिसायला लागली. त्या पोरावर माझा राग नाही, कधीच नव्हता.

राग आहे तो पुढच्या सात आठवड्यांवर. गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. पुढचा फोर्क, हेडलाइट, टाकी, एस्टिमेट अडतीस हजार. मी निर्धास्त, कारण पॉलिसीवर २०२५ ची तारीख. विमा कंपनीच्या शाखेत गेलो (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको). त्यांनी क्लेम फॉर्म भरून घेतला. मग पोलीस ठाण्यातली नोंद आणा. आणली, तर तिची शिक्का मारलेली प्रत आणा. मग नुकसान तपासणारा सर्व्हेअर रजेवर. मग 'साहेब मीटिंगला गेलेत'. गळ्यात हात बांधून मी तिथे पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी काउंटरवर नवीन मुलगी होती. तिनं पॉलिसी हातात घेतली, पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाली, "काका, तुमचं ओडी ऑगस्टमध्येच संपलंय की." ओडी म्हणजे 'ओन डॅमेज', स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा.

अर्धा मिनीट लागला तिला. हे पहिल्या दिवशी कुणी बघितलं असतं तर निदान सर्व्हिस सेंटरनं लावलेलं पार्किंगचं भाडं वाचलं असतं.

तर नीट ऐका. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भाग. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा 'ओन डॅमेज' भाग शोरूमवाले बहुतेकदा एकाच वर्षाचा देतात. दोन्ही मुदती पॉलिसीवर छापलेल्या असतात, पण आपल्याला दिसते ती लांबची तारीख. रस्त्यावर पोलिसांनी मला दोनदा कागद बघून सोडलं होतं. कायद्याला थर्ड पार्टी पुरतो, त्यामुळे त्यांचंही चुकलं नाही. माझं चुकलं. नूतनीकरणाचा मेसेज आला होता, तो मी फसवणुकीचा समजून पुसला होता.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो ना, असंही वाटेल. तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. मोडलेल्या कॉलरबोनला त्यातून दमडी मिळत नाही, त्याला मेडिक्लेम लागतो.

तुमची गाडी दीड वर्षाची आहे म्हणजे माझ्यासारखीच गत असण्याची दाट शक्यता. ओडी एकटं वेगळं घेता येतं, हव्या त्या कंपनीकडून, थर्ड पार्टी होती तिथेच राहते. खंड पडला असेल तर गाडीची तपासणी करतात, हल्ली मोबाइलवर व्हिडिओ काढूनही होते. खंड ९० दिवसांच्या वर गेला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बुडाला. मी एजंट नाही, वकीलही नाही. तुमच्या पॉलिसीतल्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या तुम्हीच वाचा. एजंटला फोन करून 'सगळं चालू आहे ना?' असं विचारू नका, तो हो म्हणेल. 'ओडीची शेवटची तारीख काय?' असं विचारा.

व्हायझरचं राहिलंच. आतून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटानं पसरा, वाळला की मऊ फडक्यानं पुसा. दोन-तीन तास वाफ धरत नाही. वर कोटिंग असलेला महागडा व्हायझर असेल तर हा प्रयोग करू नका. पिनलॉक (व्हायझरच्या आतून बसणारी, वाफ न धरणारी जादा काच) बसत असेल तर उत्तमच.

आणि चारऐवजी साडेसहाला निघा. अडीच तास उशीर झाला म्हणून विट्यात कुणी अडवणार नाही, आणि लोणंदला पोहोचेपर्यंत चांगलं ऊन आलेलं असतं. ट्रॉल्या तेव्हाही असतात, पण दिसतात. मोगराळे घाटातली सावलीतली वळणं मात्र तेव्हाही ओली असतात, तिथे पुढचा ब्रेक जपून.