प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी माइंड मॅपिंग सॉफ्टवेअर खरंच उपयोगी पडतं का? कोणतं घ्यावं?

पडतं. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमचे टीम लीड याला ‘रंगीत चित्रकला’ म्हणतात आणि एक्सेलच मागतात. ते वाचून राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी घरात वर्षभर ऐकलंय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमची वाडी दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला, समुद्राला लागून. संध्याकाळपर्यंत नारळी-पोफळी आडव्या, कौलं उडालेली, गोठा भुईसपाट. नवी पोफळ लावली तर ती धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर खायचं काय? म्हणून गोठ्याच्या जागी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायचं ठरलं. गवंड्यांकडे यजमान बघणार, नियोजन आणि हिशेब माझ्याकडे.

माझे दीर पुण्यात आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. त्यांनी दोनशेच्या वर ओळींची एक्सेल फाइल पाठवली. तारखा, रंगवलेले पट्टे, सगळं व्यवस्थित. मेहनत होती त्यात, नाकारत नाही. पण घरात कोणी विसाव्या ओळीपुढे गेलं नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर कॉलेजच्या दिवसांतलं फ्रीप्लेन हे माइंड मॅपचं सॉफ्टवेअर होतं, त्यात मी मॅप काढला. मधे ‘चार खोल्या’ आणि भोवती फाटे: परवानग्या, बांधकाम, वीज, संडास-बाथरूम, जेवण, बाहेरचं.

एका संध्याकाळी पडवीत लॅपटॉप उघडून बसले होते. सासूबाई मागून बघत होत्या. म्हणाल्या, “अगो, ह्यात पाणी कुठाय?”

मी बाथरूमखालचे नळ आणि टाकी दाखवली.

“ते नळ झाले. वैशाखात आपली विहीर मचूळ होते. तेव्हा चार खोल्यांना काय देणार आहेस?”

विहीर मचूळ होते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पर्यटक नेमके एप्रिल-मेमध्येच येतात हेही माहीत होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या. मी तिथेच ‘पाणी’ हा नवा फाटा काढला आणि दोन दिवसांत तो सगळ्यात मोठा झाला: डोंगराकडच्या वाडीतली चुलत सासऱ्यांची विहीर, त्यांची परवानगी, तिथून पाइप, पंप, दहा हजार लिटरची टाकी, पागोळ्यांचं पाणी साठवणं. भावोजींच्या फाइलमध्ये या सगळ्याला एक ओळ होती, ‘प्लंबिंग, ४ दिवस’. शाळा सातवीपर्यंत झालेल्या बाईला पडद्यावर एक नजर टाकून अख्ख्या कामातली सगळ्यात मोठी उणीव दिसली. माइंड मॅप यासाठी असतो.

आता दुसरी बाजू, तीही माझ्याच मॅपमधली. ‘गडगा’, म्हणजे आवाराची दगडी भिंत, होता ‘बाहेरचं’ या फाट्यावर, पडद्याच्या उजव्या टोकाला. ‘सेप्टिक टाकी’ होती ‘संडास-बाथरूम’वर, डाव्या टोकाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये चिरा (बांधकामाचा जांभा दगड) आलेला, गवंडी मोकळे, म्हणून गडगा बांधून घेतला. मेमध्ये सेप्टिकचा खड्डा मारायला जेसीबी आला आणि पाणंदीतच, म्हणजे वाडीकडे येणाऱ्या अरुंद वाटेतच, उभा राहिला. आत यायला वाटच नाही. नवाकोरा गडगा दहा फूट उतरवला. १३ मेला खड्डा झाला, १६ तारखेला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. जमीन पुळणीची, वाळूची, खड्डा पाण्याने भरला आणि कडा ढासळून आत आल्या. ते काम पावसाळ्यानंतर पुन्हा केलं. गणपतीला उघडायच्या खोल्या दिवाळीत उघडल्या.

फोनवर भावोजी म्हणाले, “तरी सांगत होतो, वहिनी.” रात्री त्यांची फाइल उघडून बघितली. गडगा ६१ व्या ओळीत, सेप्टिक टाकी १३८ व्या. गडग्याची तारीख एप्रिलची, टाकीची मेची. ‘आधीचं काम’ हा रकाना दोन्हीकडे रिकामा. म्हणजे त्यांच्या वेळापत्रकाने चाललो असतो तरी जेसीबी पाणंदीतच अडकला असता.

झाडासारख्या रचनेत प्रत्येक काम एकाच फाट्याखाली बसतं, त्यामुळे दोन फाट्यांमधलं ‘हे झाल्याशिवाय ते नाही’ हे नातं आपोआप दिसत नाही. फ्रीप्लेनमध्ये एका फाट्यावरून दुसऱ्यावर बाण काढता येतो. तो काढायलाच हवा होता, मी काढला नाही. आता प्रत्येक शेवटच्या फाट्याला विचारते, ‘याच्याआधी काय?’ बाण काढून झाले की मगच ती कामं तारखांसकट एक्सेलमध्ये नेते. तुमच्या टीम लीडना एक्सेल मिळेल, फक्त एक पायरी उशिरा.

कोणतं घ्यावं म्हणाल तर फ्रीप्लेन. फुकट आहे, नेट लागत नाही (आमच्याकडे ही मोठी गोष्ट आहे), फ्रीमाइंड या जुन्या माइंड मॅप सॉफ्टवेअरच्या फाइलीही त्यात उघडतात. दिसायला एक्समाइंड जास्त देखणं आहे. टीम वेगवेगळ्या शहरांत असेल तर ब्राउझरवर एकत्र काम करायला माइंडमाइस्टर. माइंडमॅनेजरमधून मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये थेट नेता येतं, पण ते महाग आहे, कंपनी पैसे देत असेल तरच. ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात हे तंत्र लोकप्रिय केलं तेव्हा ते कागद आणि रंगीत पेनांवरच चालायचं. त्यांचा एका फांदीवर एकच शब्द लिहायचा नियम मात्र कामाच्या नियोजनात पाळू नका. नुसतं ‘पाणी’ लिहून ठेकेदाराला काही कळत नाही.

हेही सांगायला हवं की माझा अनुभव चार खोल्यांचा आहे. रोज बदलणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर मॅप आठवड्यात शिळा होत असेल, तिथे तो सुरुवातीलाच वापरा. आणि फोनवर मोठा मॅप वाचता येत नाही, छापून भिंतीला लावा.

फाइलमधल्या गडगा आणि सेप्टिक टाकीच्या त्या दोन ओळी मी भावोजींना अजून दाखवलेल्या नाहीत. दिवाळीला येतील तेव्हा दाखवणार आहे.