खटपट कट्टा: मुरमावर बसलेल्या बग्ग्या

मागच्या अंकात लेगोच्या रिमोट गाड्यांवर आम्ही चारच ओळी टाकल्या होत्या, पण प्रश्न आले ते बहुतेक सगळे ऑफ-रोड बग्गीचेच (म्हणजे खडबडीत जागी पळवायची मोठ्या चाकांची उघडी गाडी), त्यामुळं हा अंक पूर्ण बग्गीला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेगो टेक्निक म्हणजे भोकं असलेले बीम (पट्ट्या), गिअर, अॅक्सल (फिरणारे दांडे), मोटर वगैरे असलेली मालिका, १९७७ पासून चालूये, लहान मुलांचे घरं बांधायचे ठोकळे ते वेगळे.

प्रश्न : दादा, माझ्या बग्गीला पॉवर फंक्शन्सच्या (लेगोची जुनी मोटर-बॅटरीची मालिका) दोन एल मोटर आहेत, मोटरला २४ दातांचा गिअर अन् मागच्या अॅक्सलला ८ चा, चाकं ८१.६ मिमीची. फरशीवर सुसाट पळती पण बाहेर मुरमावर नेली की जागच्या जागी घूं घूं करायलीय. म्हणून तिसरी मोटर अन् दुसरा बॅटरी बॉक्स लावला तर अजूनच सुस्त झाली. असं कामून व्हायलंय? वजन आता सव्वा किलोच्या आसपास आहे. (दहावीतला वाचक, उदगीर)

उत्तर : अरे तू गाडीला दोन जोड्या बैल जुंपले आणि त्यांची वैरण पण त्यांच्याच पाठीवर लादली. आधी हिशेब बघ, अवघड नाहीये. एल मोटर ९ व्होल्टवर रिकामी फिरली तर मिनिटाला सुमारे ३९० फेरे मारते. ८१.६ मिमीच्या चाकाचा घेर साधारण २५६ मिमी, म्हणजे मोटर डायरेक्ट चाकाला जोडली तरी रिकाम्या वेगात ताशी ६ किमी. तू २४ वरून ८ वर आणून वेग तिप्पट केलास, कागदावर १८ किमी, वा. पण त्याच वेळी टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, एक तृतीयांश झाला, हे कुणी सांगत नाही.

एका एल मोटरचा अडून बसतानाचा टॉर्क साधारण १८ न्यूटन-सेंटिमीटर. दोन मोटरचा ३६, त्याला तीननं भागलं की चाकाशी उरले १२. चाकाची त्रिज्या ४ सेमीच्या थोडी वर, म्हणजे गाडी पुढं ढकलायला जास्तीत जास्त ३ न्यूटन, ते पण मोटर थांबलेली असताना. चालत्या मोटरकडून त्याच्या निम्म्याचीच अपेक्षा ठेव. आता सव्वा किलोची गाडी १५ अंशाच्या चढावर नुसती तोलून धरायलाच ३ न्यूटनच्या वर लागतात, मुरमात चाक रुततं ते वेगळं आणि गिअरमधलं घर्षण वेगळं. मग ती घूं घूं नाही करणार तर काय करणार.

तिसऱ्या मोटरनं काम बिघडलं त्याची दोन कारणं. एक म्हणजे वजन, सहा डबल ए सेलच दीडशे ग्रॅमच्या आसपास जातात, वर बॉक्स, मोटर आणि ते सगळं धरायला तू लावलेले बीम. दुसरं, माझा अंदाज आहे की तू वायर एकावर एक चढवून तिन्ही मोटर रिसीव्हरच्या (रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) एकाच आउटपुटला दिल्यास. त्या आउटपुटमधून ठरावीकच करंट जातो, त्यामुळं जे दोघांत वाटलं जायचं ते तिघांत वाटलं गेलं. दुसरा बॅटरी बॉक्स लावला तरी रिसीव्हर तोच आहे ना.

आता उपाय, आणि हा फुकट आहे. तिसरी मोटर आणि दुसरा बॉक्स काढ. मग २४-८ ची जोडी काढून तिथं १६-१६ लाव, नाहीतर मोटरला १२ आणि अॅक्सलला २० लाव. टेक्निक गिअरचं गणित असं की दोन्ही गिअरच्या दातांची बेरीज भागिले १६ केलं की मधलं अंतर किती स्टड (ठोकळ्यावरचा उंचवटा, एक स्टड म्हणजे ८ मिमी) ते येतं. २४ अधिक ८ बत्तीस, १६ अधिक १६ बत्तीस, १२ अधिक २० पण बत्तीस, म्हणजे तिन्ही जोड्या दोन स्टडच्या, १६ मिमीच्या अंतरात बसतात आणि तुला एक भोकसुद्धा हलवायचं नाही. १२-२० नं रिकामा वेग साडेतीन किमीवर येईल, पण ढकलायचा जोर आत्ताच्या पाचपट होईल. फरशीवर मित्र हसतील, मुरमावर नाही हसणार.

आणि रिचार्जेबल सेल वापरत असशील तर ते १.२ व्होल्टचे, सहा मिळून ७.२, म्हणून रिकामा वेग थोडा कमी दिसतो, पण लोडवर ते साध्या सेलपेक्षा कमी दबतात, तेव्हा तेच वापर.

प्रश्न : सर, चारही चाकं ओढणारी बनवलीय, स्टिअरिंगच्या चाकापाशी युनिव्हर्सल जॉइंट (तिरप्या दांड्यांत पण फिरणं पुढं नेणारा सांधा) तुटतो आणि अॅक्सल तर जिलबीसारखे पिळलेत. पार्ट डुप्लिकेट आहेत का? (अंबाजोगाई)

उत्तर : ओरिजिनल पार्ट पण तुटतात, पार्टला दोष देऊ नका. तुम्ही सगळं रिडक्शन (गिअरनं वेग पाडून टॉर्क वाढवणं) मोटरपाशी केलंय असं फोटोत दिसतंय, म्हणजे टॉर्क तिथंच वाढला आणि तो वाढलेला टॉर्क बिचाऱ्या पातळ अॅक्सल आणि जॉइंटमधून चाकापर्यंत न्यायचा. उलटं करा. अॅक्सल जोरात फिरू द्या, टॉर्क कमी राहू द्या आणि वेग पाडायचा तो अगदी शेवटी, चाकाच्या तोंडाशी. ८ वरून २४ वर चाकापाशी आणलं तर जॉइंटवर टॉर्क तिसरा हिस्साच येतो. लेगोच्या २०१२ च्या ९३९८ नंबरच्या क्रॉलर सेटमध्ये (दगडांवरून सावकाश चढणारी गाडी) हेच आहे, आणि त्यानं अॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर जातो म्हणून पोटाखाली जागा पण मिळते, दगडावर गाडी टेकत नाही. पुढं २०१९ च्या ४२०९९ नंबरच्या सेटमध्ये चाकाच्या हबमध्येच (मधल्या तुंब्यात) प्लॅनेटरी गिअर आले, म्हणजे मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात ते, ५.४ ला १ असं रिडक्शन. ते हब सुटे मिळाले तर घ्या, महाग आहेत पण युनिव्हर्सल जॉइंट विकत घेत बसण्यापेक्षा स्वस्त पडतील.

अॅक्सल शक्यतो आखूड ठेवा आणि गिअरच्या दोन्ही बाजूंना बीमचा आधार द्या, एका बाजूला लटकता गिअर दात खातो. २४ दातांचा तो पांढरा क्लच गिअर असतो, ज्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर लिहिलेलं असतं, तो स्टिअरिंगला चांगला, ड्राइव्हला लावू नका, चढावर नुसता टकटक करत घसरेल.

प्रश्न : गच्चीवर दुपारी रिमोट चालतच नाही, संध्याकाळी चालतो. मोटरला ऊन लागतंय का? (जालना)

उत्तर : मोटरला नाही, रिमोटला. पॉवर फंक्शन्सचा रिमोट टीव्हीसारखा इन्फ्रारेड आहे आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रिसीव्हरला तो सिग्नल दिसतच नाही. रिसीव्हरच्या डोळ्यावर सावली पडेल असं छत बनवा, फरक पडतो. कायमचा इलाज ब्लूटूथ, लेगोचं नवं पॉवर्ड अप त्याच्यावरच चालतं, जुन्या मोटरसाठी बाहेरच्या कंपन्यांचे रिसीव्हर मिळतात. मोटर तापली तर ती थोडा वेळ स्वतःहून बंद पडेल आणि गार झाल्यावर चालेल, तो बिघाड नाही.

प्रश्न : गोदावरीच्या वाळूत एकच चाक फिरायलंय, बाकीचं उभं. (गंगाखेड)

उत्तर : डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) आहे ना मागं? काढून टाक, सरळ अॅक्सल घाल. डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क सारखाच देतो, आणि जे चाक मोकळं फिरायलंय त्याला टॉर्क लागतच नाही, म्हणून दुसऱ्याला पण मिळत नाही. वळताना मागची चाकं थोडी घासतील, वाळूत कोण बघतंय.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, तिला अशी बग्गी स्वतः बनवायचीय. पण ऑनलाइन किमती बघून डोळे फिरले. खेळण्याला एवढे पैसे का, आणि सुरुवात कुठून करायची? (परभणी)

उत्तर : ताई, किमतीचं एक मोठं कारण कस्टम ड्युटी. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांची ६० केली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यामुळं कुणीही सुटकेस भरून माल आणून दुकान थाटेल असं राहिलं नाही.

म्हणून माझं मत, पहिले दोन-तीन महिने काहीच विकत घेऊ नका. कॉम्प्युटर असेल तर ब्रिकलिंकचं स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात स्क्रीनवरच ठोकळे जोडता येतात, सगळे पार्ट असतात, हवे तेवढे घ्या, पार्ट एकमेकांत घुसले तर ते दाखवतं. एलड्रॉ म्हणून अजून एक आहे, जेम्स जेसिमन नावाच्या माणसानं १९९५ मध्ये सुरू केलेलं, आजही फुकट. तिला तिथं आधी स्टिअरिंग बनवू द्या, मग मागचं सस्पेन्शन. नाही जमलं तर पैसे वाचले, आणि जमलं तर कोणता पार्ट किती लागतो त्याची यादी आपोआप हातात येते.

मग सेकंडहँड बघा. ४२१२४ ऑफ-रोड बग्गी हा २०२० चा ३७४ पार्टचा सेट, त्यात दोन मोटर आणि एक ब्लूटूथ हब (बॅटरी आणि रिसीव्हर एकत्र असलेला डबा) येतो. ४२०९९ मोठा आहे, ९५८ पार्ट, तीन मोटर, पण तो सावकाश चढणारा, पळणारा नाही. दोन्ही कंपनीनं बंद केलेत. मी ४२१२४ म्हणेन, कारण त्या किमतीत हब आणि मोटर हाच खरा माल आहे, बाकीचे बीम कुठलेही चालतात. एक बघून घ्या, हे सेट मोबाइल अॅपवरून चालतात, म्हणजे घरातला एक फोन तिच्या ताब्यात जाणार. कंपॅटिबल म्हणून मिळणारे चायनीज पार्ट बीमसाठी ठीक, पण गिअर आणि अॅक्सल आधी थोडे घेऊन बघा, सैल निघाले तर सगळी गाडी डुगडुगते.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बाहा टीममध्ये सस्पेन्शन माझ्याकडं आहे. ठोकळ्यांचं मॉडेल करून दाखवलं तर सीनिअर म्हणाले खेळत बसू नको, सॉफ्टवेअरवर कर. खरंच काही उपयोग नाही का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सीनिअर अर्धे बरोबर आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाहा एसएई इंडिया ही विद्यार्थ्यांची खऱ्या ऑफ-रोड गाडीची स्पर्धा, २००७ पासून मध्य प्रदेशात पिथमपूरला सुरू झाली. इंजिन सगळ्यांना सारखंच असतं म्हणून खरी मारामारी वजन, सस्पेन्शन आणि ट्रान्समिशनवरच होते.

उपयोग कुठं होतो ते सांगतो. बंप स्टिअर. चाक खड्ड्यात जाऊन वर आलं की स्टिअरिंग न हलवता चाक आपोआप आत-बाहेर वळतं, कारण टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाक वळवणारा दांडा) आणि विशबोन (चाक गाडीला धरून ठेवणारा फाटेवाला हात) वेगवेगळ्या वर्तुळात फिरतात. स्क्रीनवर हा ग्राफ दिसतो पण पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही. ठोकळ्यांवर टाय रॉडचा आतला जॉइंट एक भोक बाहेर सरकव, चाक हातानं वर-खाली कर, डोळ्यांना दिसतं, मग विशबोनच्या रेषेत आण, वळणं जवळजवळ थांबतं. तसंच वरचा आणि खालचा विशबोन सारखा आणि समांतर ठेवला तर चाक वर-खाली होताना उभंच राहतं पण दोन चाकांतलं अंतर बदलतं, वरचा आखूड केला तर चाक आत झुकतं. टीममधल्या नव्या पोरांना हे समजवायला पीपीटीपेक्षा हे मॉडेल कधीही बरं.

पण मजबुतीबद्दल एक शब्द बोलू नको. मॉडेल दहापट मोठं केलं की वजन हजारपट होतं आणि रॉडचा छेद शंभरपटच, म्हणजे ठोकळ्यात टिकलं ते खऱ्यात टिकेल असं अजिबात नाही. त्यात भर म्हणजे ठोकळ्यांच्या बॉल जॉइंटला खेळ असतो, एबीएस प्लास्टिक लवतं, आणि ते लवणंच बऱ्याच चुका झाकून टाकतं. सगळं ८-८ मिमी अंतरावरच्या भोकांवर बसतं म्हणून बारीक अॅडजस्टमेंट पण जमत नाही. अॅकरमन (वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळणं) दाखवायचं असेल तर लेगोचे तयार स्टिअरिंग आर्म बहुतेक सरळ असतात, वळणाला आतलं चाक जास्त वळवायला ते आर्म तुला स्वतः तिरके बनवावे लागतील. तेव्हा मीटिंगला मॉडेल आणि सॉफ्टवेअरचा ग्राफ दोन्ही घेऊन जा, सीनिअर गप्प बसतील. वाळूजला एवढ्या गाड्यांच्या कंपन्या आहेत, तिथल्या सस्पेन्शनवाल्या एखाद्या माणसाला पण दाखव, त्याला नक्की आवडेल.

प्रश्न : नातू बग्गी रानात घेऊन गेला, काळ्या मातीत पार बरबटून आणली. पेट्रोलनं धुवावी का? (निवृत्त शिक्षक, औसा)

उत्तर : गुरुजी, पेट्रोल, थिनर काही नको, प्लास्टिक खराब होईल. काळी माती ओली असताना पुसू नका, पूर्ण वाळू द्या, मग जुन्या टूथब्रशनं झाडा, निम्मी तशीच गळून पडते. मोटर, हब, बॅटरी बॉक्स, वायर काढून बाजूला ठेवा, त्यांना पाणी लावायचं नाही, कोरड्या ब्रशनंच. बाकीचे पार्ट कोमट पाण्यात साबण टाकून, पाणी ४० अंशांच्या वर नको. बोअरचं पाणी जड असेल तर काळ्या पार्टवर पांढरे डाग राहतात, शेवटचा हात फिल्टरच्या पाण्यानं फिरवा. वाळवायचं पंख्याखाली, उन्हात नाही. गिअरला शिलाई मशीनचं तेल घालू नका, धूळ चिकटून त्याचा लेप तयार होतो. आणि पावसाळा संपेपर्यंत रान बंद, नातवाला म्हणावं मुरमाचा रस्ता आहे की.