पेपरमिंटचे तेल कशाकशासाठी वापरावे आणि लहान बाळाला लावावे का?

पेपरमिंटचे तेल घरात कशाकशासाठी वापरता येते आणि सर्दी झालेल्या चार महिन्यांच्या बाळाला ते लावले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते. चालणार नाही; नाकाला नाही, छातीला नाही आणि उशाशी ठेवलेल्या रुमालावरही नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या चेहऱ्याजवळ मेंथॉल, म्हणजे या तेलातला गारवा देणारा मुख्य घटक, आले तर स्वरयंत्र अचानक आकसून श्वास रोखला जाऊ शकतो आणि याच कारणासाठी युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने, म्हणजे युरोपीय संघाच्या औषध नियामक संस्थेने, या वयाच्या मुलांसाठी हे तेल निषिद्ध ठरवले आहे.

इतक्या तुटकपणे लिहिण्याचे कारण घरगुती आहे. कोथरूडच्या एका सभागृहात माझ्या पुतणीच्या मुलाचे बारसे होते. बाळाचे नाक चोंदलेले होते आणि ते दूध ओढताना कुरकुरत होते. माझे थोरले दीर, म्हणजे बाळाचे आजोबा, कोणत्याशा प्रदर्शनातून 'शंभर टक्के नैसर्गिक' असे लिहिलेली पेपरमिंटच्या तेलाची बाटली घेऊन आले होते आणि सकाळपासून प्रत्येक पाहुण्याच्या मनगटावर एकेक थेंब लावत होते. ते पाळण्याकडे वळले आणि त्यांनी तेलाचे बोट बाळाच्या नाकाशी नेले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. ज्या घरात भाऊजींसमोर सहसा कोणी आवाज चढवत नाही, तिथे चारचौघांत त्यांचा हात धरणे किती गाजले असेल, याची कल्पना मराठी वाचकांना असेलच. “पेपरमिंटच्या गोळ्या खाऊनच आपण सगळे मोठे झालो,” असे ते म्हणाले आणि “तुम्हा दुकानदारांना तुमची औषधे खपवायची असतात,” हेही त्यांनी ऐकवले. आमचे शनिवार पेठेत औषधांचे दुकान आहे, त्याला उद्देशून ते वाक्य होते. बाळाला पुढे डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालायला सांगितले. सभागृहातल्या त्या प्रसंगाबद्दल मात्र भाऊजी अजूनही प्रत्येक समारंभात मला टोमणा मारतात.

त्यांचा गोळ्यांचा मुद्दा आणि बाटलीवरचा 'नैसर्गिक' हा शब्द, दोन्ही फसवे आहेत. गोळीत साखर भरपूर आणि तेल नाममात्र असते. बाटलीतले तेल हा पाल्याच्या मोठ्या राशीतून वाफेवर काढलेला अर्क असतो. नैसर्गिकपणाचे म्हणाल, तर माझे वडील दुकानात स्वतः अमृतधारा तयार करीत असत. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉलचे खडे, समभाग एकत्र केले की तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात. तिन्ही पदार्थ वनस्पतींतूनच मिळतात, तरीही तान्ह्या मुलासाठी कोणी मागितली तर वडील बाटली परत कपाटात ठेवीत आणि गिऱ्हाईक रागावून गेले तरी त्यांना त्याचे काही वाटत नसे.

'नाक मोकळे होते' हा भाऊजींचा लाडका दावाही तपासून पाहावा. थंडी ओळखणारा टीआरपीएम८ नावाचा ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन (रिसेप्टर), आपल्या मज्जातंतूंवर असतो आणि मेंथॉल त्यालाच चेतवते. हा ग्राहक शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील कामासाठी २०२१ चे नोबेल मिळाले. मेंथॉलने हा ग्राहक चेतवला की हवा गार आणि भरपूर येत असल्याचा भास होतो. नाकातला हवेचा अडथळा प्रत्यक्ष मोजला तर तो कमी झालेला दिसत नाही. मोठ्या माणसाला त्या भासाने बरे वाटत असेल तर त्याने गरम पाण्यात एखादा थेंब टाकून, डोळे मिटून वाफ जरूर घ्यावी, परंतु सर्दी बरी झाली असे समजू नये.

मोठ्यांसाठी दोन उपयोगांना चांगला आधार आहे. ताणामुळे दुखणाऱ्या डोक्यासाठी कपाळाला आणि कानशिलांना दहा टक्क्यांचे अल्कोहोलमधले द्रावण लावतात; घरी करायचे तर तीस मिलिलिटर खोबरेल तेलात दहा-बारा थेंब घालावेत, ते सौम्य असते. दुसरा उपयोग वारंवार मुरडा येऊन पोट बिघडण्याच्या विकारात, म्हणजे आयबीएसमध्ये होतो. त्यासाठी आतड्यात विरघळणारे आवरण असलेल्या कॅप्सूल मिळतात आणि त्याही डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. बाटलीतले थेंब पाण्यात टाकून पिऊ नयेत. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे ते तोंडाला आणि घशाला चटका देते. शिवाय जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू त्याने सैल पडतो आणि ज्यांना आधीच छातीत जळजळते त्यांची जळजळ वाढते. उंदीर आणि मुंग्या पळवण्यासाठीही अनेक जण ते वापरतात; वास उडाला की त्या परत येतात, एवढेच त्याबद्दल सांगता येईल.

विकत घेताना लेबलवर 'मेंथा पिपेरिटा' हे पेपरमिंटचे शास्त्रीय नाव लिहिले आहे का ते पाहावे. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला मोठ्या प्रमाणावर पिकणारा मेंथा म्हणजे 'मेंथा आर्वेन्सिस'. त्याच्या तेलात मेंथॉल बरेच जास्त असते आणि ते स्वस्तही पडते, म्हणून पेपरमिंटच्या नावाखाली तेच विकले जाण्याची शक्यता असते. भाऊजींच्या बाटलीवर वनस्पतीचे नावच नव्हते, हे मी त्याच दिवशी वाचले होते.

त्वचेवर लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला पातळ केलेल्या तेलाचा एक थेंब लावून दिवसभर थांबावे. चुकून डोळ्यात गेले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. घरात मांजर असेल तर डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या उपकरणात, हे तेल घालू नये. मांजरांच्या यकृताला असे अर्क नीट पचवता येत नाहीत. आणि ज्यांच्या घरात जी-सिक्स-पी-डी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) आनुवंशिक कमतरता आहे, त्यांनी मेंथॉलयुक्त काहीही बाळाच्या खोलीत आणू नये, मग ते कोणाही वडीलधाऱ्यांनी दिलेले असो.