वेबपानावर जावास्क्रिप्टने आणलेली यादी क्रोममध्ये दिसते, सफारीत नाही?

लगेच फेचला, म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या फंक्शनला, दोष देऊ नकोस. दोन्ही ब्राउझरांत डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून सर्व्हरचा प्रतिसाद सारखाच आलाय का ते बघ. आला असेल, तर घोळ पुढे आहे. माझा पहिला संशय नेहमी तारखेवर जातो. ‘2024-01-15 10:30:00’ ही स्ट्रिंग क्रोमला कळते, सफारीच्या जुन्या आवृत्त्या मात्र ‘इनव्हॅलिड डेट’ देतात. मग ती फॉरमॅट करताना एरर येते, यादी बनवणारा लूप तिथेच तुटतो आणि यादी रिकामी राहते. मधल्या मोकळ्या जागेऐवजी टी हे अक्षर टाक, शेवटी टाइमझोनही दे. नाहीतर ती वेळ वापरणाऱ्याची स्थानिक वेळ धरली जाते.

आणि हो, इनरएचटीएमएलमधून (घटकातला एचटीएमएल मजकूर बदलणाऱ्या गुणधर्मातून) घातलेला स्क्रिप्ट टॅग कुठल्याच ब्राउझरमध्ये चालत नाही. तो क्रिएटएलिमेंट या फंक्शनने बनवून पानाला जोड.