रेसिंगची केस: पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाचा १९ वर्षांचा. रात्री नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर चार बाइक एकत्र पकडल्या, त्यातली एक त्याची. मोटार वाहन कायद्याची कलमं १८४ (धोकादायकपणे वाहन चालवणं) आणि १८९ (शर्यत), सोबत भारतीय न्याय संहितेचं २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं). कोणी जखमी नाही. बाइक, मोबाईल आणि परवाना पोलिसांकडे, आणि एका मुलाच्या इन्स्टावर रील सापडली आहे. ओळखीतले लोक म्हणतात, 'पहिल्या तारखेला कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.'

सरसकट कबुली देऊ नका. दंड हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. महाग पडतं ते १८९, आणि ते कबूल केल्यावर परवान्याचं काय होतं हे सल्ला देणाऱ्यांनी बहुधा वाचलेलं नसतं.

१८९ म्हणजे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी मोटार वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी. भाग घेणारा गुन्हेगार, तसा ती होऊ देणाराही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आकडे फार भीतीदायक नाहीत. पण त्याच कायद्याचं कलम २०(३) उघडा. १८९ खाली दोषी ठरलेल्याला न्यायालयाने परवान्यासाठी अपात्र ठरवायचंच आहे, जास्तीत जास्त दोन वर्षं. तसं करायचं नसेल तर खास कारणं लेखी नोंदवावी लागतात. १८४ च्या पहिल्या दोषसिद्धीत अशी सक्ती नाही. तिथे अपात्रता न्यायालयाच्या मर्जीवर. त्यामुळे बचावाचा पहिला रोख १८९ कडेच हवा.

आता २८१ कशाला जोडलं ते पाहू. १८९ ची शिक्षा तीन वर्षांच्या आतली, म्हणून तो अदखलपात्र गुन्हा. नुसत्या अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. २८१ (जुनं भादंवि २७९) मात्र दखलपात्र आहे आणि सोबत एक जरी दखलपात्र कलम असलं की सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोटार वाहन कायदा असताना हे कलम लावताच येत नाही, हा युक्तिवाद करू नका. दोन्ही एकत्र चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. १८४ मध्ये पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड किंवा दोन्ही. तिन्ही कलमं जामीनपात्र आहेत, म्हणजे जामीन हा हक्क आहे, तो पोलिस ठाण्यातच मिळायला हवा.

तडजोड शुल्काचाही (म्हणजे शुल्क भरून गुन्हा न्यायालयाबाहेर मिटवण्याचा) एक गैरसमज असतो. १८४ मधला फक्त हातात मोबाईल धरून चालवण्याचा भाग असा मिटतो, बाकीचं १८४ न्यायालयात जातं. आणि कुठलाही गुन्हा तडजोडीने मिटला तरी कलम २०० नुसार पुढच्या वेळी तो 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो, शिवाय परवान्यावरची कारवाई थांबत नाही. पावती घेतली म्हणजे पाटी कोरी झाली, असं होत नाही.

परवान्याची कारवाई न्यायालयापासून वेगळी चालते आणि लोक हिच्याकडेच दुर्लक्ष करतात. कलम २०६(४) खाली पोलिस परवाना ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवतात. मिळते ती तात्पुरती पोच. त्या पोचवर गाडी चालवता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. डिजीलॉकरमध्ये परवाना दिसतो म्हणून दुसरी गाडी काढणं म्हणजे हातानं नवीन केस ओढवून घेणं. आरटीओने आधी म्हणणं ऐकायचं असतं. त्यानंतर एकतर परवाना परत, नाहीतर पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्या वेळी परवाना रद्द. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, म्हणून आदेश मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.

इथेच घरचे लोक हमखास पाय घसरून पडतात. आरटीओच्या सुनावणीला मुलाकडून माफीनामा लिहून नेतात: 'मित्रांसोबत रेस लावली, चूक झाली, पुन्हा करणार नाही.' पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे संरक्षण साक्ष्य अधिनियमात आहे. आरटीओ अधिकारी पोलिस नव्हे. तो कागद फौजदारी खटल्यात येऊ शकतो, आणि विमा कंपनीच्या हाती लागला तर आणखी वाईट. लेखी म्हणणं द्यायचंच, पण त्यात एवढंच असू द्या: प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आरोप मान्य नाहीत, आधीचा एकही गुन्हा नाही (खरंच नसेल तर), अपघात किंवा इजा नाही, आणि कॉलेज किंवा कामासाठी परवाना का लागतो.

बाइक सोडवायला खटला संपायची वाट पाहायची नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी सीआरपीसी) कलम ४९७ किंवा ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा गाडी हजर करण्याच्या हमीवर, ताबा मागायचा. अर्ज आरसीवर ज्याचं नाव आहे त्याने करायचा. भाच्याने केला आणि गाडी वडिलांच्या नावावर असली तर एक तारीख फुकट जाते. आरसी, चालू विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र आणि बंधपत्र लागतं. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं सडत ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून परत द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. सायलेन्सर बदललेला असेल तर तो गाडी सोडवताना अडतो. १९०(२) आणि १८२अ(४) ही कलमं त्यासाठीच आहेत. दुसऱ्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. मूळ सायलेन्सर घरात पडला असेल तर वकिलांना सांगून ठेवा. पण गाडी पोलिसांच्या ताब्यात असताना तिला हात लावू नका.

आता बचाव. एफआयआरची प्रत घ्या आणि घटनेचा परिच्छेद शांतपणे वाचा. बहुतेक ठिकाणी ठरलेलं वाक्य असतं: 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून शर्यत लावताना मिळून आला.' या वाक्यात १८९ चा पुरावा काहीच नाही. शर्यत म्हणायला निदान दोन वाहनं आणि त्यांच्यात चढाओढ हवी. कुठून सुरुवात, कुठे शेवट, कोण कोणाच्या पुढे जात होतं, इशारा कोणी दिला, पोलिसांनी किती अंतरावरून आणि किती वेळ पाहिलं? चार मित्र एकामागून एक वेगात जात होते, एवढ्यावर १८४ लागू शकतं, १८९ साठी ते पुरेसं नाही. एकट्याने व्हीली मारणारा (पुढचं चाक उचलून चालवणारा) १८४ मध्ये बसतो, १८९ मध्ये नाही. कडेला उभं राहून बघणारा तर यात भाग घेणारा नव्हेच, मात्र त्याने स्वतःची गाडी शर्यतीसाठी दिली असेल तर 'होऊ देणारा' म्हणून अडकू शकतो. पैज लावली असेल तर जुगारबंदीचा कायदा वेगळा. सार्वजनिक जागेचा मुद्दा पाम बीच रोडवर काढायचा नाही, हसं होईल. तो कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या बंदिस्त ट्रॅकसाठी आहे.

'भरधाव' या शब्दावर १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश) वकिलांना ठाऊक असेलच. नुसता जास्त वेग म्हणजे आपोआप बेदरकारपणा नव्हे. परिस्थिती सिद्ध करावी लागते. १८३ खाली, म्हणजे वेगमर्यादेच्या कलमात, एकाच साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, यंत्राचं मोजमाप लागतं. १८४ ला हा नियम शब्दशः लागू नाही, पण उलटतपासात तोच धागा उपयोगी पडतो: अंधारात, समोरून येणाऱ्या हेडलाइटवरून वेग कसा ठरवला?

सीसीटीव्हीवरून वेग काढला असेल तर हिशोब मागा. दोन खांबांतलं अंतर ४० मीटर धरलं, ते पार करायला ३६ फ्रेम लागल्या. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमचा असेल तर १.४४ सेकंद, म्हणजे ताशी १०० किमी. तोच कॅमेरा प्रत्यक्षात १५ फ्रेमने रेकॉर्ड करत असेल तर २.४ सेकंद, म्हणजे ताशी ६०. फुटेज तेच, गाडी तीच. म्हणून रेकॉर्डिंगचा फ्रेम रेट कोणत्या कागदावरून घेतला आणि अंतर टेपने मोजलं की नकाशावरून, हे दोन प्रश्न सोडायचे नाहीत.

रीलचं तसंच. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र नसेल तर पेन ड्राइव्हवरची प्रत पुराव्यात येत नाही. २०२० चा तो महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातूनच आला. आता त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लागते. रील वेग वाढवून एडिट केलेली असते, शूटिंगची तारीख आणि अपलोडची तारीख वेगळी असते, आणि हेल्मेटच्या आत कोण आहे हे नंबर प्लेटवरून सिद्ध होत नाही. मात्र मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली चालकाची माहिती द्यावीच लागते, न देणं हाही गुन्हा. मोबाईल जप्तीच्या पंचनाम्यात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आहे का, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचं चित्रीकरण झालं का, हे पाहा.

रील किंवा ग्रुपवरचे मेसेज डिलीट करायला कोणालाही सांगू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा नष्ट करणं न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे, मूळ आरोपापेक्षा जड. रीलखाली भाच्याने स्वतः 'आज सगळ्यांना मागे टाकलं' वगैरे लिहिलं असेल तर ते पोलिसांसमोरचं निवेदन नाही, त्यामुळे ते त्याच्याविरुद्ध वापरता येतं. वकिलांना हे आधीच सांगा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०९ ची नोटीस न मिळाल्याचा बचाव इंटरनेटवर फार फिरतो: जागेवर ताकीद, किंवा १४ दिवसांत नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स. तो फक्त १८३ आणि १८४ ला लागू आहे, १८९ ला नाही. भाचा जागेवरच पकडला गेला, तेव्हा त्याला याचा फारसा उपयोग नाही. रील पाहून महिन्याभराने ज्यांना बोलावलं जातं, त्यांनी मात्र जरूर तपासावा.

पहिल्या तारखेला करायचं ते हे. आरोप समजावून सांगण्याच्या टप्प्यावर, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ खाली, १८९ निराधार आहे असा अर्ज वकिलांमार्फत द्यायचा. जुन्या संहितेत समन्स खटल्यात (हलक्या गुन्ह्यांच्या खटल्यात) ही सोय नव्हती. नव्या संहितेत न्यायदंडाधिकारी आरोप निराधार वाटल्यास कारणं नोंदवून मुक्त करू शकतात. पुरावा भक्कम असेल आणि काही कबूल करायचंच ठरलं, तर कलमवार करा. आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे नोंदवायचे असतात, तेव्हा १८४ मान्य आणि १८९ अमान्य असं सांगता येतं. सोबत परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ खाली ताकीद देऊन सोडण्याची विनंती जोडा. वय १९ आणि पहिला गुन्हा, दोन्ही बाजूने आहेत.

विम्याचं वाचून ठेवा. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मुळे हाच मुद्दा कंपनीला तिसऱ्या पक्षाच्या दाव्यातही घेता येतो. आज कोणाला लागलेलं नाही, पण त्या रात्री गाडी घासली असेल आणि दावा टाकायचा विचार असेल तर १८९ ची कबुली तिथे आडवी येईल. स्वतःच्या बेदरकारपणाने मेलेल्या चालकाच्या वारसांना नुकसानभरपाई नाकारणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कायम ठेवलाय.

कोणी जखमी झालं असतं तर न्याय संहितेचं १२५, मृत्यू झाला असता तर १०६(१), पाच वर्षांपर्यंत. आणि परिणामाची जाणीव होती असं धरलं गेलं तर १०५: अजामीनपात्र, सत्र न्यायालयात. मुंबईतल्या कार्टर रोडच्या २००६ च्या प्रकरणात, जिथे सात मजूर गेले, तीन वर्षांची शिक्षा याच जाणिवेच्या आधारावर २०१२ मध्ये कायम झाली. भाचा १८ च्या आत असता तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालक आरोपी: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

भाचा पोलिस भरतीची तयारी करत असेल तर साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) ही केस लिहायचीच, निकाल काहीही लागो. लपवाछपवी उघड झाली की उमेदवारी तिथेच अडचणीत येते, त्या मानाने किरकोळ गुन्ह्याकडे नियुक्ती अधिकारी उदारपणे पाहू शकतात. २०१६ चा अवतार सिंग निकाल यावरच आहे. पासपोर्टसाठी अर्ज करायचा असेल तर खटला चालू असेपर्यंत न्यायालयाची परवानगी लागेल. तो अर्ज बाइकच्या अर्जासोबतच वकिलांकडून तयार करून घ्या, पुढच्या तारखा लांबतात.